नैरोबीला जायचंय, टॉवेलच्या कामासाठी, सोबत वडील. काय काळजी घ्यावी? दोन दिवसात काय बघून होईल?

लूमवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे एमआयडीसीत. नैरोबीचा एक व्यापारी इतके दिवस मुंबईच्या एक्स्पोर्टरमार्फत आपला माल घेत होता, आता म्हणतोय मधला माणूस कशाला, थेट या, सँपल दाखवा, समोरासमोर भाव करू. जुलैचा पहिला आठवडा बोललाय. मी आणि वडील दोघं जायलोय, वडील ६३ चे आहेत, तब्येत ठणठणीत, थोडा बीपी आहे, आणि त्यांना घरी ठेवून गेलो तर मी केलेला भाव त्यांना जन्मभर पटणार नाही म्हणून त्यांना नेणं भागच आहे.

आता घरात रोज नवीन काहीतरी ऐकायला मिळतंय. काका म्हणतो तिकडं दिवसाढवळ्या लुटतात, आई सिंहापासून मलेरियापर्यंत सगळ्याला भ्यायलीय, मित्र म्हणतो आफ्रिका म्हणजे उकडून मरशील, मी म्हणलं बे आपण सोलापूरचे, आपल्याला उकाड्याचं काय सांगतो. मीटिंग वेस्टलँड्स म्हणून भाग आहे तिथं. आम्ही शुद्ध शाकाहारी आणि वडील तर जिथं मटण शिजतं तिथं पाणी पण पीत नाहीत. कामानंतर दोन दिवस मोकळे आहेत, मसाई मारा होतंय का त्यात? पैसे डॉलर न्यावे का कार्ड चालतं? कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेऊ का, विमानतळावर काढून घेतात का? कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा ओ, यूट्यूबवर सगळे नुसते जिराफाबरोबर फोटो काढायलेत.

पार्कलँड्सवाली

माझं माहेर साखर पेठ, लग्न झाल्यापासून नैरोबीत. आधी उकाड्याचं मिटवू. भाऊ, स्वेटर घ्या. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, आणि विषुववृत्ताच्या जरा खाली असल्यामुळं जून ते ऑगस्ट इथला थंडीचा सीझन असतो. सकाळी १०-१२ डिग्री, दिवसभर ढगाळ, दुपारी जरा ऊन पडलं तर पडलं. माझ्याकडं सोलापूरहून जे जे आलेत ते सुती शर्ट घेऊन आलेत आणि माझ्या मिस्टरांची जॅकेटं घालून फिरलेत. वडिलांना कानटोपी पण द्या, लाजायचं काम नाही, इथले वॉचमन जुलैत लोकरीची टोपी घालूनच बसलेले असतात. हॉटेलात एसी पण बरेचदा नसतो कारण लागतच नाही.

जेवणाची तर काळजीच सोडा. वेस्टलँड्सला लागूनच पार्कलँड्स आहे, तिथं गुजराती, कच्छी, ओसवाल जैन, पंजाबी अशी जुनी वस्ती आहे, प्युअर व्हेज थाळीवाले आहेत, डायमंड प्लाझा म्हणून मार्केट आहे तिथं पाणीपुरीपासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं मिळतं, दुकानदार हिंदीत बोलतात. ही माणसं आज-काल आलेली नाहीत. १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून युगांडा रेल्वे टाकली त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते, नैरोबी गावच मुळात १८९९ ला त्या रेल्वेचा डेपो म्हणून वसलं, आणि २०१७ ला केनिया सरकारनं इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळं वडिलांना इथं अगदीच परकं वाटणार नाही. फॉरेस्ट रोडला बीएपीएसचं स्वामीनारायण मंदिर आहे, दगडातलं कोरीव काम, १९९९ चं, संध्याकाळी तिथं घेऊन जा.

केनियन जेवणात पण शाकाहारी पुष्कळ आहे हे लोकांना माहीत नसतं. उगाली म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी, राजम्यासारखी माहारागवे, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी. तिखट मात्र शून्य. म्हणून शेंगा चटणी आणाच, आणि दोन पुड्या जास्त आणा, कुठं द्यायच्या ते सांगते नंतर 😄

पण एक. चटणी-भाकरी कॅरीबॅगमध्ये बांधून आणू नका. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे आणि दंड चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. ड्युटी फ्रीची पिशवी पण उतरायच्या आधी रिकामी करायची. आपल्याकडं बॅगेत बूट वेगळ्या पिशवीत, लुंगी वेगळ्या पिशवीत, चटणी दोन पिशव्यात असं असतंय ना, ते सगळं कापडी पिशवीत आणि डब्यात भरा. टॉवेलवाल्याला कापडाची काय कमी. कोरडं शिजवलेलं चालतं, ताजी फळं, बी-बियाणं, रोपटी आणू नका.

सातरस्ता_मेडिकल

बाकी गप्पा नंतर, आधी मला सांगा यलो फीवरची लस घेतली का? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा शब्द नाही म्हणून विचारतोय.

केनिया यलो फीवरच्या देशांच्या यादीत आहे. केनियात शिरताना भारतातून थेट गेलेल्याला फारसं कोणी विचारत नाही, खरी भानगड परत येताना आहे. यादीतल्या देशातून भारतात उतरणाऱ्याकडं लसीचं सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, भारतीय पासपोर्ट असला तरी. तिथं वाद घालून उपयोग नसतो. आणि लस घेतल्यावर सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या दिवशी टोचून घेतली तर तो कागद त्या दिवशी बिनकामाचा. एकदा घेतली की मात्र आयुष्यभर चालते.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, यादी आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे. मुंबईत विमानतळाचं आणि बंदराचं आरोग्य ऑफिस देतं, हैदराबादला नारायणगुड्यात इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन आहे. आपल्याकडनं दोन्हीकडं जाता येतं, कोणाचे पाहुणे कुठं आहेत त्यावर ठरवा. ठराविक वार असतात, कारण एक बाटली फोडली की त्यातले सगळे डोस त्याच दिवशी संपवावे लागतात, म्हणून अपॉइंटमेंट घेऊनच निघा. पासपोर्ट ओरिजिनल न्या, नंबर त्या पिवळ्या पुस्तिकेत लिहितात, स्पेलिंग आणि नंबर तिथल्या तिथं तपासून घ्या.

वडिलांचं वेगळं. ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढं पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. क्वचितच होतं, पण ६३ म्हणजे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही. आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनला दाखवा, बीपीच्या गोळ्या, बाकी काही चालू असेल ते सगळं सांगा. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, अंड्याची ॲलर्जी असेल तर चालत नाही. शाकाहारी माणसाला ॲलर्जी आहे का नाही हे माहीतच नसतं, पण विचारतील तेव्हा खरं सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर सूट मिळाल्याचं पत्र मिळतं, पण नुसत्या पत्रावर परत येताना काय होईल ते त्याच केंद्रावर आधी विचारा, नाहीतर सरळ वडिलांना व्हिडिओ कॉलवर भाव करू द्या.

मलेरिया: नैरोबी शहरात उंचीमुळं धोका कमी. मारा, मोंबासा, किसुमू करणार असाल तर गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू कराव्या लागतात.

लूमवाला_अक्कलकोटरोड

बाप रे. तिकीटवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही, तो म्हणाला व्हिसा काढला की झालं. अजून पाच आठवडे आहेत, उद्याच डॉक्टरकडं जातो. वडिलांना व्हिडिओ कॉलचं बोललो, त्यांनी बोलणंच बंद केलंय.

ताई स्वेटरचं खरंच सांगताय का ओ? आईनं लगेच माळ्यावरून पेटी काढली.

शेळगी_एक्सप्रेस

एवढा ताप कशाला, व्यापाऱ्याला म्हणावं दुबईला ये. नैरोबीला लोक नैरॉबरी म्हणतात, गुगल करून बघा.

गाठोडं_ते_कंटेनर

शेळगीवाले, गिऱ्हाईक बोलवतंय आणि आपण म्हणायचं तू दुबईला ये, मग तो दुबईलाच माल घेईल की. मी पूर्व आफ्रिकेत चादर आणि टॉवेल पाठवतो, तिकडं जाणं-येणं असतं, म्हणून धंद्याच्या बाजूनं लिहितो. भीती खोटी नाही पण भलतीकडं धरलीय तुम्ही.

चोरी होते ती बहुतेक फोनची आणि पाकिटाची. ट्रॅफिकमध्ये गाडीची काच खाली करून फोनवर बोलत बसलात तर बाहेरून हात येतो आणि फोन जातो. रस्त्यावर उभं राहून मॅप बघू नका, दुकानात शिरून बघा. अंधार पडला की शंभर पावलं असली तरी चालत नाही जायचं, गाडी बोलवायची. उबर, बोल्ट दोन्ही आहेत. बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलवाले, वडिलांना घेऊन त्यावर बसू नका. मटाटू म्हणजे तिथली वडाप, रंगवलेली, गाणी जोरात, बघायला झकास, पण सँपलची बॅग घेऊन त्यात चढायचं नाही. गळ्यातली चेन आणि अंगठ्या घरी ठेवून जा, हे वडिलांना आत्ताच सांगा, आयत्या वेळी ऐकत नसतात. मॉलमध्ये, हॉटेलात शिरताना बॅग तपासतात, २०१३ च्या वेस्टगेट मॉलवरच्या दहशतवादी हल्ल्यापासून सगळीकडं असंच आहे, तक्रार करायची नाही. परत येताना विमानतळाच्या अलीकडं गाडीतून उतरवून चालत तपासणीतून नेतात, तो वेळ धरून निघा. पोलीस, सरकारी इमारती, विमानतळ यांचे फोटो काढू नका. सिगारेट रस्त्यात ओढू नका, आणि मावा खाऊन पिचकारी तर अजिबात नको, तिथलं सेंटर आपल्यापेक्षा स्वच्छ आहे, लगेच लक्षात येतं.

तारखेचं महत्त्वाचं. जुलैचा पहिला आठवडा म्हणालात. ७ जुलैला तिथं सबा सबा असतो, १९९० च्या लोकशाहीच्या आंदोलनाची आठवण, आणि २०२४, २०२५ दोन्ही वर्षी जून-जुलैत सेंटरमध्ये मोठी आंदोलनं झाली, रस्ते बंद, अश्रुधूर, गोळीबारात माणसं गेली. २५ जून आणि ७ जुलै या दोन तारखा टाळा, व्यापाऱ्याला विचारून आठवडाभर पुढं ढकला. तो स्वतःच हो म्हणेल, त्या दिवशी त्याचं पण दुकान बंद असणार.

व्हिसा आता नाही, जानेवारी २०२४ पासून ईटीए म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी घ्यायची, सरकारी साइटवर ऑनलाइन भरायचं, ३० डॉलरच्या आसपास. गुगलवर पहिल्यांदा दिसणाऱ्या साइट बऱ्याचदा दलालांच्या असतात, दुप्पट-तिप्पट घेतात, पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई आहे का बघा. कामाला जाताय तर बिझनेस टाका आणि व्यापाऱ्याकडून आमंत्रणाचं पत्र आणि त्याच्या कंपनीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी मागवून घ्या. टुरिस्ट टाकून टॉवेलनं भरलेली बॅग उघडायला लागली तर उत्तर काय देणार.

सँपल: प्रत्येक साइज-वजनाचा एकेक नग, डझननं नाही. कंपनीच्या लेटरहेडवर यादी, विक्रीसाठी नाही असं लिहून, नाममात्र किंमत टाकून. कोपऱ्यात एक कट मारून ठेवला तर विकायचा माल नाही हे दिसतंच.

आता भाव. वडिलांना भाव करायचाय ना, मग मीटिंगच्या आधी गिकोम्बा बघा. युरोप-अमेरिकेतून आलेल्या जुन्या कपड्यांचा, मिटुम्बाचा तिथला सगळ्यात मोठा बाजार. तिथं वापरलेले टॉवेल, बेडशीट ढिगानं विकायला असतात आणि चांगल्या जाडीचे असतात. तुमची खरी स्पर्धा चीनच्या मालाइतकीच त्या ढिगाशी आहे, आणि हे ऑफिसात बसून कळत नाही. इस्टली भागात सोमाली व्यापाऱ्यांची कापडाची होलसेल आहे, तीही बघण्यासारखी. दोन्हीकडं व्यापाऱ्याचा माणूस बरोबर घेऊन, सकाळी, खिशात थोडेच पैसे ठेवून जायचं. एकटं नाही.

आणि पहिल्याच भेटीत उधारीवर कंटेनर कबूल करू नका. नवीन गिऱ्हाईक आहे, थोडा ॲडव्हान्स आणि बाकी एलसी म्हणजे बँकेची पैशाची हमी, किंवा ईसीजीसीचं, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा करणाऱ्या सरकारी कंपनीचं, कव्हर काढूनच उधार. केनियात माल उतरवायचा तर निघायच्या आधी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, त्यांचं ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स मागतं, पीव्हीओसी म्हणतात त्याला. त्याचा खर्च कोण देणार हे भावात बोलून घ्या. इथंच लोक विसरतात आणि मग मार्जिन तिथंच जातं. बोलायला सुरुवात करताना मात्र घाई नको, आधी घरचं, तब्येतीचं, पावसाचं विचारतात, चहा येतो, मग धंदा. याबाबतीत वडील तुमच्यापेक्षा जास्त जमवतील.

पार्कलँड्सवाली

गाठोडंवाल्यांनी गिकोम्बाचं बरोबर सांगितलं, मी पण एकटी जात नाही.

पैसे: डॉलर आणा पण नवीन, कोऱ्या नोटा, जुन्या सिरीजच्या, दुमडलेल्या, शाई लागलेल्या घेत नाहीत किंवा भाव कमी देतात. रोख ३००० डॉलरच्या वर एका ट्रिपला आणता येत नाही, बाकी फॉरेक्स कार्डवर. शिलिंग आपल्या पाऊण रुपयाच्या आतबाहेर धरा. आपलं यूपीआय इथं धरून चालू नका, इथं २००७ पासून एमपेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय आहे, भाजीवाली पण त्यावरच घेते. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि एमपेसा चालू करून मागा, हिरव्या पाटीच्या कुठल्याही टपरीवर रोख देऊन त्यात पैसे भरता येतात. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव स्क्रीनवर येतं, ते वाचून मगच पक्कं करा. चार्जरसाठी तीन चौकोनी पायांचा ॲडॉप्टर लागतो, घड्याळ अडीच तास मागं. पाणी बाटलीचंच प्या.

विमानतळावरून येताना टॅक्सीवाल्याला एक्सप्रेसवे सांगा, टोल तुमचा. २०२२ ला सुरू झालाय, मलोलोंगो ते वेस्टलँड्स, २७ किलोमीटर, अर्ध्या तासात पोचता. खालच्या मोंबासा रोडनं संध्याकाळी आलात तर सात रस्त्याचा ट्रॅफिक परवडला म्हणाल.

मसाई मारा दोन दिवसात नको. गाडीनं पाच-सहा तास जायला, तेवढेच यायला, वडिलांच्या कमरेचं काय होईल. तीन रात्री असतील तरच. जुलैत प्राण्यांच्या स्थलांतराचा सीझन सुरू होतो म्हणून दर पण चढलेले असतात. त्याऐवजी नैरोबी नॅशनल पार्क करा, शहराला अगदी चिकटून, ११७ चौरस किलोमीटर, १९४६ पासूनचं. सहाला गेट उघडतं, तेव्हाच आत शिरा, सिंह-गेंडे सकाळीच दिसतात आणि गेंड्यांसाठी तर हे नावाजलेलंच आहे. मागं शहरातल्या उंच इमारती दिसतात. फी रोख घेत नाहीत, ऑनलाइन आधी भरायची, दर हल्लीच वाढलेत म्हणून साइटवर बघूनच बजेट करा. आत प्लास्टिकची पाण्याची बाटली चालत नाही, स्टीलची घ्या. हत्ती या पार्कात मोकळे नाहीत, ते बघायचे तर शेल्ड्रिकचं अनाथ पिल्लांचं केंद्र, रोज फक्त ११ ते १२, आणि बुकिंग आधी ऑनलाइन, दारात जाऊन मिळत नाही. पिल्लं चिखलात लोळतात, बाटलीनं दूध पितात, वडील लहान मूल होतील बघा. तिथून जिराफ सेंटर जवळ आहे, यूट्यूबवाले फोटो तिथलेच. एका दिवसात तिन्ही होतं.

पार्कातच एक जागा आहे जिथं १९८९ ला राष्ट्राध्यक्ष मोईंनी १२ टन हस्तिदंत जाळलं होतं, नंतर २०१६ ला १०५ टन जाळलं. राखेचे ढीग अजून आहेत. बरेच ड्रायव्हर थांबत नाहीत, सांगून थांबवा.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस नायवाशा. ९० किलोमीटर, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो, तळ्यात बोटीतून पाणघोडे बघायचे. नाहीतर शहरातच रेल्वे म्युझियम. आईंना सिंहाची भीती वाटते ना, तिथं तो डबाच ठेवलाय ज्यातून १९०० साली सिंहानं एका पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं होतं. फोटो काढून पाठवू नका फक्त.

शेळगी_एक्सप्रेस

बरं बुवा, दुबई मागं घेतो. पार्कातल्या गाडीला काच असते ना पण?

पार्कलँड्सवाली

असते की, आणि छत वर उघडतं. खाली उतरायचं नाही एवढं पाळलं की झालं. सिंहापेक्षा माकडं त्रास देतात, उतरायच्या जागी हातात केळ ठेवलं की गेलं.

लूमवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. डॉक्टर म्हणाले वडिलांची शुगर आणि बीपीचा रिपोर्ट बघून परवा सांगतो. हैदराबादला आत्या आहे, तिथंच अपॉइंटमेंट बघायलोय, दोघांची एकदम. व्यापारी ७ तारखेचं ऐकून लगेच म्हणाला १४ ला या. ईटीएला आमंत्रणाचं पत्र पण पाठवतो म्हणाला.

एकच राहिलं, मुंबईला सिद्धेश्वरनं जाऊ का वंदे भारतनं? फ्लाइट दुसऱ्या दिवशी पहाटेची आहे.

गाठोडं_ते_कंटेनर

वंदे भारतनं. सकाळी निघून दुपारी पोचता, संध्याकाळपर्यंत आराम, रात्री निवांत विमानतळावर. सिद्धेश्वरनं गेलात तर भल्या सकाळी मुंबईत उतरून दिवसभर बॅगा सांभाळत बसायचं. पत्र आल्यावर त्यावर तुमची दोघांची नावं पासपोर्टप्रमाणं आहेत का बघा, वडिलांच्या पासपोर्टवर आडनाव आधी असेल तर पत्रात पण तसंच पाहिजे.

पार्कलँड्सवाली

१४ ला मी इथंच आहे. चटणी दोन पुड्या जास्त म्हणलं होतं ते विसरू नका, आणि ज्वारीचं पीठ किलोभर आणायला जमलं तर बघा, डब्यात घालून.